कपड्याचं दुसरं टोक

बिबडे एकटीने होत नाहीत. पापड होतात, शेवया मशीनवर होतात, कुरडया तर एखादी हट्टी बाई भिंतीशी भांडत एकटी घालून मोकळी होते. ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्यांना मात्र दोघी लागतात. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा शिजत असताना एकीने पातेलं घट्ट धरायचं आणि दुसरीने लाकडी चाटू फिरवायचा, नाहीतर पातेलंच गोल फिरायला लागतं. मग गच्चीवर ओलं धोतर पसरून त्यावर बोटं पाण्यात बुडवत थापायचे. उन्हाने वाळले की धोतर उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं, दोघींनी दोन बाजूंनी कापड ताणायचं आणि एकेक बिबडा अलगद सोडवायचा. सगळं झालं की धोतर धुवायचं, आणि वाळल्यावर एक टोक तिने धरायचं, एक मी, आणि घडी घालायची. जुनं धोतर लांबलचक असतं. एकटीने घडी घालायला गेलं तर अर्धं जमिनीवर लोळतं.

यंदा आमच्या गच्चीवर बिबडे झाले नाहीत. सून म्हणाली, दुकानातून आणू या. आणले. पिशवीतले, सगळे एका मापाचे, एका रंगाचे. तळले, खाल्ले, चव ठीक होती. माझ्या जिवाला बरं वाटलं नाही, एवढंच.

ती आमच्या भिंतीपलीकडे राहायची. जळगावात पिंप्राळ्याला आम्ही घर बांधलं तेव्हा कॉलनीत जेमतेम थोडी घरं होती आणि मधे सगळी काळी माती. त्या काळात शहरात आलेल्या बायका एकमेकींशी फार जपून बोलायच्या. 'अहो, या ना', 'बसा ना' असं पुस्तकातलं. आपापल्या गावची बोली घराच्या आत ठेवायची आणि दारात शुद्ध मराठी लावायची, अशी रीत. मीही तेच करत होते. एके सकाळी ही भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "काय वं, कोठली शे तू?"

मी धुळ्याकडची, असं सांगितलं. माझी जात, नवऱ्याची नोकरी, मुलं किती, यातलं काही न विचारता ती म्हणाली, "मंग बरं. तुन्ही विळी दे."

विळी घेऊन गेली. विळी परत आली पुष्कळ दिवसांनी, धार जाऊन. मला इतका राग आला होता! ओळख ना पाळख, आणि हक्काने माझी विळी वापरून बोथट करून देते ही कोण? नवऱ्याला म्हटलं, शेजार वाईट लागला आपल्याला. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही.

तिचं माहेर भडगावचं, म्हणून मी तिला भडगाववाली म्हणायला लागले आणि ती मला धुयेवाली. आमच्या पिढीत बायकांना मैत्रीण म्हणून हाक मारायची सोय नव्हती. कुणाची तरी आई, कुणाची तरी वहिनी, एवढीच नावं. आम्ही दोघींनी एकमेकींना गावं देऊन टाकली.

तिची वागण्याची एक पद्धत होती, आणि ती कळायला मला फार वेळ लागला. तुम्ही तिचं काही केलंत, की ती चार दिवसांत तुम्हाला आणखी एक काम सांगायची. बरं वाटत नाही म्हणून मी तिला कढी-खिचडी नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी हाक, "आते मन्हं एक काम कर. रेशनना नंबर लाव." मी धुसफुसायचे. एवढी खिचडी खाल्लीस, जरा गोड बोल, भांडं परत देताना दोन शब्द बोल! तर नाही. वर आणखी काम. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ज्यांचं ती काही देणं लागत नाही असं तिला वाटायचं, किंवा ज्यांच्याशी तिला देणं-घेणं ठेवायचं नसायचं, त्यांच्याशीच ती गोड बोलायची. वरच्या गल्लीतल्या वकिलीणबाईंना ती वाकून "फार उपकार झाले" म्हणायची आणि घरी येऊन त्यांची वाटी तडक परत पाठवायची. म्हणजे व्यवहार संपला. आणि जिच्याशी संपवायचा नाही, तिला काम सांगायचं. काम सांगणं हीच तिची कृतज्ञता होती. हा शब्द तिने आयुष्यात उच्चारला नसेल, आणि मी तो तिच्यासमोर उच्चारला असता तर तिने मला हसून हसून लाज आणली असती.

एकदा मात्र मी चुकलेच. आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. मुलगा तेव्हा बाहेरगावी शिकत होता. दवाखान्यात माझ्याबरोबर तीच बसली. घरून डबा, परत दवाखाना, परत घर. माझी सासू तिने सांभाळली, आमची गाय नव्हती म्हणून बरं, नाहीतर तीही सांभाळली असती. ह्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी मला भरून आलं आणि मी तिचे हात धरून म्हणाले, "तुझे उपकार मी कसे फेडू?"

तिने हात सोडवून घेतले. तोंड असं केलं की जणू मी तिला शिवी दिली. "उपकार कसाना वं? मी काय तुन्ही सोयरी शे का?" सोयरी, म्हणजे मानपान करायची पाहुणी, असं म्हणाली आणि पायात चपला घालून निघून गेली. आठवडाभर भिंतीवरून डोकावली नाही. मी डाळबट्टी केली, पाठवली. डबा रिकामा, घासून, परत. मला तेव्हा रडू आलं. कारण तिच्या घरून डबा घासून येणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. वकिलीणबाईंच्या रांगेत मला बसवलं होतं.

मग एका मंगळवारी सकाळी दारात उभी. नवी साडी, हातात रिकामी पिशवी. "चाल, एरंडोल जानं शे. पद्मालयले." मी म्हटलं, आज काय? तर हिने ह्यांच्यासाठी गणपतीला नवस केला होता, मला एका शब्दाने न सांगता. "नवस मी बोलनी," ती म्हणाली, "फेडाले तू चाल. नारळ आन मोदक तुन्हाकडथून." म्हणजे उपकार तिचा आणि काम माझ्या गळ्यात! बसमध्ये उभं राहून गेलो दोघी. तळ्याच्या काठी तिने माझ्याच मोदकांतले निम्मे खाल्ले. मी फार सुखी होते त्या दिवशी. त्यानंतर आमच्यात आभार, उपकार, थँक्यू हे शब्द कधी आले नाहीत. मी पुन्हा चूक केली नाही.

उन्हाळ्यात आधी तिचे बिबडे व्हायचे, मग माझे. पहाटे उठून तिच्याकडे घाटा शिजवायचा. ती चाटूवर, मी पातेल्यावर. माझे दंड तिच्याइतके कधीच भरले नाहीत, त्यामुळे चाटू मला मिळायचा तो फक्त माझ्या घरी, आणि तिथेही ती दोन फेऱ्यांत माझ्या हातून काढून घ्यायची. घाटा तयार झाला की पहिली वाटी कच्चं तेल घालून आम्ही तिथेच चुलीजवळ उभ्याउभ्या खायचो, जीभ भाजत. कुणी येऊन हात लावला की तिलाही वाटी. मजुरी म्हणा, काही म्हणा, एवढंच द्यायचं-घ्यायचं. थापून झालं की दिवसभर कावळ्यांपासून राखण. ते काम तेव्हा आमच्या मुलांचं.

मुलं मोठी झाली, गेली. माझा मुलगा-सून जळगावातच, तिचा मुलगा धुळ्याला नोकरीला, देवपुरात फ्लॅट घेतलेला. तिचे मालक गेले. मुलगा म्हणाला, आई, चल. तिने सांगितलं, चावीस्नं कोन दखी? कॉलनीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. नोकरीवर जाणाऱ्या सुना, गावाला जाणारी माणसं, सगळी तिच्या दारावरून जाताना किल्ली टाकून जायची. स्वयंपाकघरात खिडकीशेजारी खिळ्यांची रांग होती आणि त्यावर लोंबणाऱ्या किल्ल्या. कुठली कुणाची ते तिलाच माहीत. कुणाच्या घरी सिलेंडर घ्यायचा, कुणाच्या झाडांना पाणी, कुणाच्या म्हाताऱ्याला दुपारची गोळी. तिला दिवस पुरायचा नाही. धुळ्याला जाऊन ती काय करणार होती?

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी भिंतीपलीकडून नळाचा आवाज येत राहिला. बादली भरून वाहत होती, कुणी बंद करत नव्हतं. मी माझ्याकडची तिच्या घराची किल्ली घेऊन गेले. ती मोरीच्या उंबऱ्यात बसलेली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. माझ्याकडे बघून म्हणाली, "माय वं."

लकवा. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं. वेळेवर आणलं म्हणाले, पण वेळेवर म्हणजे काय, ते नंतर कळलं. जीव राहिला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तिला सगळं समजायचं, डोक्यात शब्द असायचा, पण तोंडातून यायचं ते एकच, "माय वं." पाणी हवं तर माय वं. दार लाव, माय वं. राग आला की माय वं, हसू आलं तरी माय वं. आपल्याकडे बायका उठता-बसता म्हणतात तेच. बाकी सगळी भाषा पुसली गेली आणि तेवढं राहिलं. मला सुराने कळायचं. मी तिच्याशी तासन् तास बोलायचे, ती माय वं माय वं करून उत्तरं द्यायची, आणि आमचं भांडणसुद्धा व्हायचं. खोटं वाटेल, पण व्हायचं.

मुलाने दिवसरात्रीची बाई ठेवली. धुळ्याला नेण्याची गोष्ट काढली की ती डाव्या हाताने पलंगाची कड धरून ठेवायची, सुटता सुटायची नाही. मग तो सुट्टीच्या दिवशी यायचा, जायचा.

भेटायला सगळे आले. सफरचंद घेऊन, डाळिंब घेऊन. बसायचे, हळू आवाजात विचारपूस करायचे आणि जाताना म्हणायचे, "काही लागलं तर सांगा हं." ज्या बाईला बोलता येत नाही तिला सांगतात, सांगा! मला इतका संताप यायचा. आणि निघता निघता एकेकीने खिळ्यावरची आपली किल्ली काढून घेतली. "तुम्हाला कशाला आता त्रास," असं म्हणत. फार गोड बोलून, फार काळजीने. ती पलंगावरून बघत राहायची. काही दिवसांत खिळे रिकामे झाले. माझी एक किल्ली उरली. मी ती काढली नाही, आणि तिने ती बघितली की नाही हे मी कधी विचारलं नाही.

तिला कुणी काही देत नव्हतं असं नाही. सगळेच देत होते, ताटं भरून देत होते. तिच्याकडून कुणी काही मागत नव्हतं. एवढाच तिचा रोग होता असं मला वाटायला लागलं. डॉक्टरांच्या गोळ्या त्या रोगावर नव्हत्या.

उन्हाळा आला तेव्हा मी मनाशी ठरवलं. ज्वारी भिजवली, सुनेला पातेल्यावर बसवलं, कसाबसा घाटा शिजवला. दोन जणांच्या आधाराने भडगाववालीला आमच्या गच्चीवर चढवलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकली आणि डाव्या हातात वेताची काठी दिली. म्हटलं, "मन्हं एक काम कर वं. तू फक्त बठ. कावयास्ले हाकल."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, ही आता काठी फेकून देणार. राखण म्हणजे पोरांचं काम. जिने आयुष्यभर चाटू फिरवला तिला मी कावळे हाकलायला बसवत होते. पण तिने काठी घट्ट धरली. कावळा आला, काठी आपटली, "माय वं!" कावळा उडाला. आणि ती हसली. ओढलेल्या तोंडाने, एकाच बाजूने, पण हसली. लकव्यानंतर मी तिला इतकं मनापासून हसताना पाहिलं ते त्या दिवशीच.

दोन-तीन दिवस असं चाललं. ती सकाळी बाईला कपडे घालून द्यायला लावायची, दारात येऊन बसायची, मला हाक मारायची, "माय वं!" म्हणजे, मेलीस का, चल. तिच्या तोंडावर रंग आला. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, मावशी, आई बरी दिसते हो. मीही खुळी, माझ्या मनात आलं की हिला पुढच्या वर्षी पातेलं धरायला बसवू. डावा हात तर चांगला आहे. माणसाच्या मनाला कुठे थांबायचं कळत नाही.

शेवटच्या दिवशी दुपार कलली होती. कापड उलटं करायची वेळ झाली होती. तिने मला जिन्याकडे काठी दाखवली. माय वं, माय वं. म्हणजे, जाय, च्या ठेव. चहा झाल्याशिवाय ती कापड उलटं करू द्यायची नाही, तिचा नेम होता. तिची बाई खाली धुणं धूत होती. मी खाली गेले. ह्यांचा कूलर घरघरत होता, टीव्ही मोठ्याने लावलेला. आधण उकळलं आणि खिडकी धाडकन आपटली.

आमच्याकडे वैशाखात असं वावधन येतं. आभाळ बघता बघता पिवळं होतं, धुळीची भिंत उभी राहते आणि मग टपोऱ्या थेंबांची सर. मी जिना चढले तेव्हा डोळ्यांत माती गेली. धोतराची एक बाजू वर उडाली होती, बिबड्यांसकट फडफडत होती. ती खुर्चीत नव्हती. ती कापडावर होती. एका हाताने टोक धरायला उठली असणार, पायात बळ नव्हतं, पडली. तोंडावर पालथी, डाव्या मुठीत कापडाचं टोक, आणि ते तिने सोडलेलं नव्हतं. बिबडे तिच्याखाली भिजून लगदा झाले होते. ती ओरडत होती. केव्हापासून, कुणास ठाऊक.

पलीकडच्या गच्चीवर एक बाई कपडे गोळा करत होती. मी नंतर तिला विचारलं, तुला ऐकू गेलं नाही? ती म्हणाली, "आलं ना हो. पण त्या रोजच माय वं, माय वं करतात. मला वाटलं कावळे हाकलताहेत." तिच्यावर रागावून काय उपयोग होता? ती खरंच बोलत होती. भडगाववालीकडे मदत मागायलाही तेच दोन शब्द होते आणि आनंद सांगायलाही तेच. लोकांनी वेगळं कसं ऐकावं?

हाड मोडलं नव्हतं. कपाळाला खोक पडली, गुडघे सोलले. खरं मोडलं ते वेगळंच. खाली आणून अंग पुसताना ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, जाऊ दे वं, ज्वारी काय, पुन्हा भिजवू. ती भिंतीकडे तोंड करून राहिली. एवढं एक काम सांगितलं होतं मी तिला, आणि तेही तिच्याच्याने झालं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. मी किती समजावलं, शिव्या दिल्या, हात जोडले. सुराने सगळं कळणारी मी, त्या दिवसापासून मला तिचा सूरच लागेना.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. माझ्याशी नीट बोलला, चांगला मुलगा आहे. "मावशी, तुम्ही खूप केलंत. पण आता बास." या वेळी तिने पलंगाची कड धरली नाही. गाडीत बसवलं तशी बसली. जाताना त्याने घराला कुलूप लावलं आणि माझी किल्ली मला आणून दिली. "ही तुमची असेल," म्हणाला. मी घेतली. दुसरं काय करणार?

त्यानंतर वर्ष होत आलं. फोनवर तिची सून सांगायची, आई छान आहेत, खातात-पितात, बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी येतात. गुढीपाडवा झाल्यावर मी धुळ्याला निघाले. जाताना थोडीशी ज्वारी घेऊन घाटा केला, एकटीने, एवढ्याशा पातेल्यात, तेही चार वेळा फिरलं. डब्यात भरला, तेलाची बाटली बरोबर घेतली. गार झालेला घाटा म्हणजे खळ, हे मलाही माहीत आहे. पण नेणार तरी काय होते? सफरचंदं?

एरंडोल आलं, पद्मालयाचा फाटा गेला. मी खिडकीतून बघितलं नाही.

देवपुरातला फ्लॅट स्वच्छ, हवेशीर. ती खिडकीशी पलंगावर टेकून बसली होती. केस विंचरलेले, पावडर लावलेली, अंगावर मऊ गाऊन. जन्मात तिने गाऊन घातला नव्हता. नखं कापलेली. मला बघून तिच्या डोळ्यांत ओळख आली, ते मी छातीवर हात ठेवून सांगते. आली ओळख. मी वाट बघत होते, आता म्हणेल, माय वं, म्हणजे, इतके दिवस कुठं मेली होतीस. तिची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली.

सून चांगली. तिने कौतुकाने सांगितलं, "मावशी, मॅडम म्हणाल्या, तो एकच शब्द सारखा म्हणायची सवय मोडायला हवी, तरच नवे शब्द येतील. आता बघा, पाणी म्हणतात, नमस्कार म्हणतात. माय वं आता बिलकुल म्हणत नाहीत." मग सासूला पाण्याचा पेला दिला. भडगाववालीने पेला डाव्या हाताने घेतला, घोट घेतला, आणि चांगलं मोकळं म्हणाली, "थँक्यू."

"पाहिलंत?" सून म्हणाली.

मी पाहिलं. औषधाची गोळी दिली, थँक्यू. पंखा लावला, थँक्यू. कामवालीने फरशी पुसताना तिचे पाय उचलून ठेवले, तिला थँक्यू. दुधाचा रिकामा कप उचलला, थँक्यू. त्या घरात दिवसभर तिच्यासाठी लोक काही ना काही करत होते, प्रेमाने करत होते, आणि ती पावती फाडावी तसं प्रत्येकाला ते देत होती. वाईट कुणीच नव्हतं. कुणावर चिडावं असंही काही नव्हतं, आणि माझ्यासारख्या बाईला त्याहून कठीण दुसरं नाही.

घाट्यावर तेल घालून मी तिला भरवला. तिने चार घास खाल्ले. हनुवटीवर ओघळलेलं तेल मी पदराने पुसलं. आता ही काय म्हणते, याची मी वाट बघत होते. ती थँक्यू म्हणाली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. मला तेवढ्यानेही जरा धीर आला. मूर्खपणा, पण आला.

निघायच्या आधी सुनेने वाळलेली चादर आत आणून पलंगावर टाकली आणि बेल वाजली म्हणून ती दार उघडायला गेली. मी चादर उचलली. एक टोक धरलं आणि दुसरं तिच्या डाव्या हातात दिलं.  म्हटलं, "भडगाववाली, मन्हं एक काम कर ना वं. हाई टोक धर. घडी घालू."

तिने त्या टोकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. बोटं मिटली, मला वाटलं, धरलं. धरलंच होतं, क्षणभर. दोघींमध्ये चादर ताणली गेलेली मला हाताला कळली. मग तिने हात पुढे केला आणि टोक माझ्या हातात परत ठेवलं, वकिलीणबाईंची वाटी परत करावी तसं.

"थँक्यू," ती म्हणाली.

सून दारातून आत येत होती, तिने ऐकलं. "अय्या, मावशी, किती स्पष्ट बोलल्या ना!"

"हो," मी म्हटलं, "स्पष्ट बोलली."

मग चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून धरलं आणि मी एकटीनेच घडी घातली.